अजून एक फेरी मारा

नाही नाही, बसून काय कळणार ताई, बुटाचं चालल्याशिवाय काही कळत नाही — उठा, मी येते ना सोबत, आरशापासून दारापर्यंत आणि परत. इथे पद्धतच आहे तशी, गिऱ्हाईक चालायला लागलं की आम्हीही बाजूने चालायचं, आणि गिऱ्हाईक नसलं की फळीपाशी गुपचूप उभं राहायचं. उगीच इकडून तिकडे हिंडलेलं मालकांना खपत नाही. टाच घासते? नाही ना? पण हा काळा जरा सैल होतोय; वळा, अजून एक फेरी मारा. जरा भरभर चालाल? म्हणजे — भरभर चाललं की खरं काय ते कळतं.

दम? छे, मला कुठे दम लागलाय! सातवा आहे, एवढं तर व्हायचंच. मी बसू? तुम्हीपण झालात का सुरू — घरी सासूबाईंचं तेच, नवऱ्याचं तेच, जेवून ताट उचलायला गेले की "राहू दे गं, पड जरा". पडून कसं भागेल? साखर वाढलीय माझी. दिवस गेलेत म्हणून झालीय, एरवी नव्हती कधी. डॉक्टरबाई म्हणाल्या, जेवलीस की चाल, लोळू नकोस. मी म्हटलं, मी तर दिवसभर उभीच असते की! तर म्हणाल्या, उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे बाई. आता आली का पंचाईत? सुट्टी डबा खाण्यापुरती, बाहेर ही ट्रकची रांग — जाऊ कुठे? मग म्हटलं, गिऱ्हाईक तर चालतंच ना! डबा संपला की दारातून जो पहिला येईल तो माझा. आज तुम्ही सापडलात.

अहो, नका ना काढू! हा तपकिरी घालून बघा. काळा सैल होतो म्हटलं मी? नव्हता होत, अगदी मापाचा होता — रागावू नका, हवं तर काहीच घेऊ नका, नुसतं चाला माझ्याबरोबर. सोमवारी रक्त तपासायचंय, आणि गेल्या खेपेला आकडा बघून डॉक्टरबाईंनी नुसतं पेन ठेवलं खाली. साखर नाही उतरली तर इन्सुलिनच्या सुया घ्यायच्या. सुयांना नाही हो भीत मी! मग कशाला — पहिली मुलगी होती मला. तेव्हा साखर कुणी बघितलीच नाही, आणि मी आपली बसून लाड करून घेतेय. बाळ गुटगुटीत आहे म्हणून सगळे खूश! इतकी गुटगुटीत, की डोकं आलं आणि खांदे अडकले. केस होते तिला, भरपूर, ओले. नर्सने मला — चला, वळा, थांबू नका, थांबलं की आठवतं. ह्याला नाही मी काही होऊ देणार, पाय झडले तरी बेहत्तर. हो, हळू बोलते. मालकांना यातलं काही ठाऊक नाही. माणूस वाईट नाही हो, उलट फार मायाळू, तीच तर भीती! त्यांना कळलं ना, तर —

ताई? तिकडे कुठे? अहो, पैशांचं बघू नंतर — त्यांच्या कानाशी काय सांगताय? माझ्याकडे कशाला हात करताय?

नाही मालक, काही नाही, या आपल्या उगीच... बरी आहे मी. शप्पथ. गल्ल्यावर बसायचं? बाळंतपणापर्यंत? नको हो, डॉक्टरबाईंनीच मला — ऐकून तरी घ्या! वडिलांच्या जागी आहात, कबूल, पण मला बसून — गादीची खुर्ची कशाला आणताय! कुणी नाही म्हणत तुम्हाला वाईट... हो. बसते. बसले.

रडत नाहीये ताई. चांगल्या मनाने सांगितलंत तुम्ही, कळतंय मला. आत्ताच जेवलेय हो मी. जा तुम्ही. जा.