दुसरा रिमोट

मंडळी, आज एकच प्रश्न! साधा आहे, पण नीट ऐका — खेळ गोड असतो, की शेजारी बसणारा गोड असतो?

हसू नका! "बुवा, देवाच्या उत्सवात हा कुठला प्रश्न?" असं पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या चेहऱ्यावर लिहिलंय. आजोबा, अहो, देव गोकुळात काय पोथी वाचत बसला होता? चेंडूच खेळत होता की! घ्या त्या खेळगड्याचं नाव, मोठ्यानं! — हं, आता बरं वाटलं.

तर गडहिंग्लजला उन्मेष देसाई नावाचे एक गृहस्थ. वय चव्वेचाळीस. चष्म्यांचं दुकान. सगळ्या तालुक्याला स्वच्छ दिसायला लावणारा माणूस — आणि स्वतःला? सांगतो, सांगतो!

या उन्मेषला एकच नाद. दारू नाही, पत्ते नाहीत. व्हिडिओ गेम! टीव्हीला जोडायचं ते मशीन. अकराव्या वर्षी मामानं पहिलं आणून दिलं, तेव्हापासून तेहतीस वर्षं! देव्हाऱ्यात देव पाच, कपाटात मशिनं सात!

आणि मतं? अरे बापरे! गिऱ्हाइकाच्या एका डोळ्यावर काच लावून हा सांगायचा — "काका, खालची ओळ वाचा... काय ते आमच्या वेळचे गेम! कॅसेट काढायची, फू करून फुंकर मारायची, खटकन बसवायची, की सुरू! आता मशीन म्हणतं, थांबा, अपडेट येतंय. जेवून या, झोपून या, तरी येतंयच! आम्हाला तीन जीव मिळायचे, तीन! संपले की पहिल्यापासून. आता मेलात की तिथंच उठून उभे. मरणाची भीतीच गेली!" — याला वेदान्त समजू नका हं, हे उन्मेष बोलतोय! — "आणि खेळ अर्धवट ठेवायची सोय नव्हती काका. आम्ही टीव्ही बंद करून, मशीन तसंच चालू ठेवून शाळेत जायचो. एकदा आईनं मेन स्विच बंद केला. सहावा टप्पा गेला! दोन दिवस जेवलो नाही!"

गिऱ्हाईक बिचारं एक डोळा झाकून ऐकतंय! नंबर राहिला बाजूला.

बरं, नवे गेम खेळायचा नाही असंही नाही. त्यातलं ओलं गवत बघून "वा!" म्हणायचा, आणि लगेच — "चित्र झकास, पण जीव नाही. तेव्हा मी आणि आमचा धाकटा मंदार एका चटईवर बसायचो. दोन रिमोट, खांद्याला खांदा! आता जो तो कानाला हेडफोन लावून एकटा!"

आता ऐका हं. खरी गोष्ट इथं सुरू होते.

उन्मेषला एक मुलगी. रेवती, तेरा वर्षांची. नाद बापाचाच! तिच्याकडे एक नवा गेम आला. दोन गिर्यारोहक, दोघांच्या कमरेला एकच दोरी. एकानं चढायचं, दुसऱ्यानं खालून दोरी धरायची. एकट्याचं कामच नाही! ती म्हणाली, "बाबा, चल ना, दोरी धर."

हा काय म्हणाला? "यात काय आहे गं? पडलं की लगेच जिवंत! आमच्या वेळी —" झालं! अर्धा तास! लेकीच्या हातात रिमोट, डोळ्यांत आशा, आणि बापाचं प्रवचन चालू! दुसऱ्या दिवशी पुन्हा, "बाबा, चल ना." पुन्हा प्रवचन! तिसऱ्या दिवशी तेच. आणि चौथ्या दिवशी — तिनं विचारलंच नाही.

मायबापहो, लेकरू हट्ट करतं तोवर घाबरू नका. हट्ट थांबला, की घाबरा!

ती एकटीच दोन्ही रिमोट मांडीवर घेऊन बसायची. एक हात याच्यावर, एक हात त्याच्यावर. चढायची, पडायची. बापानं दारातून बघितलं, एक पाऊल आत टाकलं सुद्धा त्यानं! पण मत आडवं आलं ना! माघारी फिरला.

दिवाळीला नाशिकहून धाकटा भाऊ मंदार आला. दुपारची वेळ, हातात चकली. रेवती तिथंच खाली बसलेली, मांडीवर तेच दोन रिमोट. उन्मेषला साक्षीदारच मिळाला! "सांग रे मंदार, सांग हिला आपण कसे खेळायचो ते!"

मंदार हसला. "दादा, मी कुठं खेळायचो?"

"म्हणजे? दुसरा रिमोट तुझ्याच हातात असायचा की!"

"असायचा. पण त्याची वायर मशीनला कुठं होती? तू ती चटईखाली सारून ठेवायचास!"

आली का पंचाईत! अहो, खरंच होतं ते! धाकटा खेळ बिघडवेल म्हणून थोरल्यानं वायरच काढली होती, आणि वर सांगितलं होतं, "तो मागं उडणारा पक्षी आहे ना, तो तू!" इतकी वर्षं गेली, आणि उन्मेष साफ विसरला! चटई आठवली, खांदा आठवला, वायर तेवढी विसरला! आपण तरी काय करतो? जुनं आठवतो ते सोयीचं तेवढंच!

उन्मेषचा चेहरा उतरला. "तुला... कळलं होतं?"

"दुसऱ्याच दिवशी!"

"मग दोन वर्षं बसलास कशाला? नुसती बटणं दाबत?"

मंदार म्हणाला — मंडळी, ऐका हो! — "तू रोज हाक मारायचास ना, दादा! 'मंद्या, ये, तुझ्याशिवाय मजा नाही.' पक्ष्याचं काय घेऊन बसलास? मी त्या हाकेसाठी यायचो."

वाजवा हो पखवाज! अहो, आपणही जन्मभर बटणंच दाबतोय! वाटतं, हे सगळं मीच उडवतोय! वायर कुणाची जोडलेली आहे ते त्या गोकुळातल्या खेळगड्यालाच ठाऊक. तरी तो रोज हाक मारतो, शेजारी बसवून घेतो. केवढी ही माया!

उन्मेषनं मान वळवली. रेवती त्याच्याकडेच बघत होती. भावाला यानं वायर काढलेला रिमोट दिला, तरी हाक मारली होती. आणि ही पोर चालता रिमोट पुढं करत होती, तर हा मतं सांगत बसला! लाज वाटली त्याला. डोळे भरून आले.

तो उठला, तिच्याशेजारी मांडी घालून बसला. "रेवू, दे. दोरी धरतो."

ती म्हणाली, "राहू दे बाबा. तुला नाही आवडत हा गेम."

"नाही आवडत," तो म्हणाला. खरं तेच बोलला! "पण तू आवडतेस. दे."

तिनं जरा विचार केला. "एका अटीवर. 'आमच्या वेळी' म्हणायचं नाही!"

"नाही म्हणणार!"

आणि काय सांगू मंडळी! तेहतीस वर्षांचा मुरलेला खेळाडू — पहिल्याच कड्यावरून धाडकन खाली! लेकीसकट! दोरी धरायची सोडून यानं सोडायचंच बटण दाबलं! "बाबा! ते नाही, वरचं!" पुन्हा खाली! मंदार पोट धरून हसतोय! एकोणीस वेळा पडले! आणि विसाव्या वेळी? दोरी ताणली, बाप ओरडतोय, "चढ पोरी, चढ! धरलंय मी!" — आणि रेवती कड्यावर! घर दणाणलं हो!

उन्मेष घाम पुसत उठायला लागला, तर तिनं त्याची बाही धरली. "बाबा, उद्या पण?"

मिळालं उत्तर? आता तुमच्याकडे वळतो! गाणी आमच्या वेळची, शाळा आमच्या वेळची — मतांना कुणाच्या घरी तोटा आहे का? आणि मतं बरोबरही असतील! उन्मेषचीही होती, ते अपडेट मलाही छळतं! पण बरोबर मत कवटाळून एकटंच बसायचंय का? तुम्हाला घरात "चल ना" असं शेवटचं कुणी म्हटलं होतं? कधी? आठवा!

आठवत नसेल, तर आरतीलाही थांबू नका. देवाची समजूत मी काढतो. तुम्ही आधी घरी जा — आणि आता हाक तुम्ही मारा!