ओवाळू, पन लिंबाखाली

मी मूळची कर्जतकडची, कोरड्या मुलखातली, लगीन होऊन प्रवरेकाठी आले तर पाटाचं पानी बघून हरखूनच गेले, म्हनलं आता डोक्यावरचा हंडा उतरला. हंडा उतरला आन् मेथी चढली, काय सांगू तुमाला. आमची वस्ती पाटापलीकडं, वाट सगळी उसातनं, आन् बाजार पार तिकडं स्टँडाजवळ. मेथीचं गठुडं डोक्यावर घेऊन बाजार करता करता उमर गेली. शेजारची मार्थाबाई अंड्यांची पाटी घेऊन बरोबर असायची, ती म्हनायची, हौसाबाई, तुझं डोकं असं चापट झालंय की त्याच्यावर कपबशी ऱ्हाईल. पुढं वस्ती नगरपालिकेत गेली, घरपट्टी आली, दारावर नंबर आले. गाडी तेवढी आली न्हाई.

माझं जाऊ द्या, माझं निभावलं. पन माझी नात प्रज्ञा, लई हुशार पोरगी, संगमनेरला नर्सिंगला जाती. सांजच्याला यष्टी तिला स्टँडावर सोडायची, आन् तिथनं पुढं वस्तीवर यायला काय न्हाई. रिक्षावाले म्हनायचे गाडी भरू दे, आन् पाटापलीकडं जायला गाडी भरनार कशी? मंग पोरगी निघायची चालत. त्यात त्या वर्षी उसात बिबट्या दिसला, कुनाचं तरी वासरू नेलं. माझा मुलगा मिलिंद, तिचा बाप, त्यानं सांगून टाकलं, आई, बास झालं शिक्षन, एवढा उसाचा हंगाम झाला की कालेजातनं नाव काढतो, चांगलं स्थळ बघू. पोरगी ताटावरनं उठली. मीच म्हनलं, मिलिंदा, नगरपालिकेचं इलेक्शन तोंडावर हाय, तवर दम धर. तो हसला. आई, इलेक्शननं कुठं गाडी येती व्हय?

आता आमच्याकडं रीत अशी, उमेदवार दारात आला की बायांनी ओवाळायचं. ताट, निरांजन, कुंकू, आन् त्याचा फोटो लगेच मोबाईलवर फिरतो. ओवाळल्याचा फोटो न्हाई तर लोक म्हनत्यात याला वस्तीत कोन इचारीत न्हाई. आन् ते यायचे आन् काय बोलायचे? कमान बांधू, मोठे दिवे लावू. गाडीचं नाव कुनी काढीना. मी मार्थाबाईला म्हनलं, ताट आपलं, तर जागा पन आपनच ठरवू. ओवाळू, पन दारात न्हाई, पाटावरच्या लिंबाखाली. आन् जो सांजच्याला स्टँडावरनं आमच्यासारखा रिक्षाची वाट बघून येईल त्यालाच. समद्या बाया व्हय म्हनल्या.

पयल्याच दिशी फजिती झाली बघा. रिक्षातनं पांढरा सदरा उतरला, आमी ओवाळलं, कुंकू लावलं, नारळ दिला, मार्थाबाई म्हनती इजयी भव. तो बिचारा घामाघूम, म्हनतो, मावशी, मी गुरांचा डाक्टर, गाईला सुई टोचाय आलोय. अजून त्याला आमी उमेदवारच म्हनतो, तो पन हसून हात जोडतो.

एका पार्टीचे लोक चिडूनच गेले, म्हनले आधी मत द्या, गाडीचं मंग बघू. दुसऱ्या उमेदवार सुरेखाताई, आमच्या वार्डातली एक जागा बायांसाठी राखीव झालेली ना. पन बोलायचं समदं त्यांच्या मालकांनी, जीपमधून उतरले आन् सुरूच झाले, मी असं करीन, मी तसं करीन. मी म्हनलं, दादा, उभं कोन हाय, तुमी का ताई? उभं हाय त्यानं स्टँडावरनं यावं. ताई जीपमधेच बसलेल्या. तशा त्या उतरल्या, मालक म्हनले कशाला, त्या म्हनल्या, बघून तर येते, आन् जीप सोडून गेल्या की स्टँडावर!

प्रज्ञाशेजारी रिक्षात बसल्या. गाडी भरंना. अंधार पडला तरी भरंना. मालकाचा फोन वाजतोय, ह्या उचलीनात. शेवटी दोघी चालत निघाल्या, उसात जरा सळसळ झाली की ताई प्रज्ञाचा हात धरायच्या. लिंबाखाली आल्या तवा पदरानं घाम पुसत्यात, आन् म्हनल्या, आजी, ही पोरगी रोज अशी येती? मी ताट उचललं. आधी ओवाळलं, मंग सांगितलं, ताई, गाडीचं भाषनात नको, पत्रकावर छापा, कमानीच्या ओळीच्या वर. मालक म्हनले कमान पयली पायजे. ताईंनी त्यांच्याकडं बघितलं बी न्हाई. पत्रकात पयल्या ओळीला आलं, पाटापलीकडं बस.

निवडून आल्या. लगेच काय झालं न्हाई हां, खोटं कशाला बोलू. मिलिंद म्हनायचा, बघ आई, पन नाव काढायचं लांबवत गेला. ताई वस्तीत यायच्या तवा आमी पानी द्यायचो, चहा द्यायचो, ताट काढीत नव्हतो. त्यांना कळायचं. मालकाला बी कळायचं. आन् एक दिवस सांजच्याला पाटाच्या पुलावर भोंगा वाजला. नगरपालिकेची बारकी बस! ताई पुढच्या शिटावर, प्रज्ञा दारात उभी. आमी बसला ओवाळलं, डायव्हरला ओवाळलं, मार्थाबाई बोनटाला कुंकू लावता लावता रडाय लागली. मी न्हाई रडले. माझी मान अशी ताठ झाली, गठुड्याखाली जशी ताठ धरायची ना, तशी, पन वर काय नव्हतं.

आता प्रज्ञा शेवटच्या वर्साला हाय. आन् नाव काढतो म्हननारा मिलिंद, तो लिंबाखाली उभा ऱ्हाऊन डायव्हरवर वरडतो, आज उशीर का केला. मी काम नसलं तरी बाजारला जाऊन येती, खिडकीला बसती, गठुडं मांडीवर. ताईचं भलं होवो, त्या गाईच्या डाक्टरचं बी होवो.

चला, उठा आता, चहा सावकाश पिऊ नका. तुमची बस चुकंल. बघा, उभ्या आयुष्यात पाव्हन्याला असं म्हनायची सोय नव्हती मला, बस चुकंल म्हनून. आता रोज म्हनती.