ई काढा, मामंजी

निर्मला : थांबा, मामंजी. टाक खाली ठेवा.

मुकुंदराव : का? लिहायलोय की मी. सांग पुढं.

निर्मला : तुम्ही उर्दूत लिहून घेताय.

मुकुंदराव : तू उभी पडद्याआड. तुला कुठून दिसलं?

निर्मला : दिसलं नाही, ऐकू आलं. इंग्रजी लिहिताना तुमचा टाक थांबत थांबत कुरकुरतो. आता सरळ पळत सुटला होता.

मुकुंदराव : हौ, खरं आहे ते. कानावर इंग्रजी पडलं की हात आपोआप उजव्या बाजूनं सुरू होतो. आवाज उर्दू हरफांत धरून ठेवायचा अन् मागून सवडीनं त्याचं इंग्रजी करायचं. पंचवीस वर्षं दफ्तरात उर्दूच लिहिली, सूनबाई.

निर्मला : मागच्या परीक्षेत मिळाली का सवड?

मुकुंदराव : कुठली मिळते? निम्मा कागद उर्दूतच राहिला. साहेबानं तो उलटा धरला, सुलटा धरला अन् ठेवून दिला.

तारामती : अगं निर्मला, सासऱ्याला असा जाब विचारतात का? मी सून होते तेव्हा जोडवी जरा वाजली तरी सासूबाई डोळे वटारायच्या. अन् तू आपली टाक खाली ठेवा म्हणतीस.

मुकुंदराव : तू जरा गप बैस. मीच सांगितलंय तिला शिकवायला.

तारामती : शिकवू द्या की. पण रीत म्हणून काही आहे का नाही?

मुकुंदराव : रीत आहे म्हणूनच ती पडद्याआड उभी आहे. ऐक. सोमवारी तिसरी अन् आखरी खेप. दोनदा उडालोय. आता उडालो तर नोकरी गेली, घरी बसायचं. जहागिरीच्या कचेरीत होतो तोवर माझ्या मसुद्यातला एक नुक्ता कुणी बदलत नव्हतं. जहागिऱ्या गेल्या, आम्हाला सरकारात घेतलं, अन् आता म्हणतात, ऐकून इंग्रजी लिहून दाखवा, वाचून दाखवा, मगच राहा. शेजारच्या मेजावर प्रतापराव बसतो, माझ्याच हाताखाली तयार झालेला. इंग्रजी चिठ्ठी आली की मी खोकतो. मग तो उठून येतो अन् हळूच कानात वाचून देतो.

तारामती : म्हणून खोकत होता होय तुम्ही? अन् मी इकडं दोन महिने अडुळशाचा काढा पाजायले.

मुकुंदराव : काय सांगू मग तुला? शरम वाटते मला.

निर्मला : आत्याबाई, काढा बंद करा. मामंजी, नवा कागद घ्या. वाक्य दोनदा म्हणेन, तिसऱ्यांदा नाही.

मुकुंदराव : ती गाडी जाऊ दे आधी. काचीगुड्याला रुळांशेजारी घर घेतलं अन् कानाचं वाटोळं झालं.

निर्मला : गाडी असतानाच ऐकायचं. तिथंही पंखा घरघरत असेल, कुणी खोकत असेल. ऐका. दि एस्टेट हॅज गॉन टु द स्टेट. दि एस्टेट हॅज गॉन टु द स्टेट.

मुकुंदराव : लिहिलं. घे, सरकवला कागद पडद्याखालून.

निर्मला : मामंजी, तुम्ही लिहिलंय, दि एस्टेट हॅज गॉन टु दि एस्टेट.

मुकुंदराव : मग? तेच म्हणालीस ना तू?

निर्मला : अर्थ काय झाला त्याचा?

मुकुंदराव : जहागीर गेली... जहागिरीकडं.

तारामती : म्हणजे गेली कुठं? हाय तिथंच की.

निर्मला : पहिला शब्द एस्टेट, म्हणजे जहागीर. दुसरा स्टेट, म्हणजे सरकार. दुसऱ्या शब्दाच्या तोंडाशी तुम्ही ई लावलाय. ई काढा, मामंजी.

मुकुंदराव : इस्टेट अन् इस्टेट. मला तर दोन्ही एकच ऐकू येतात.

निर्मला : तुम्ही दोन्ही एकच म्हणता, म्हणून. इस्कूल, इस्टेशन, इस्टूल. परवा आत्याबाईंना इस्टो पेटव म्हणालात.

मुकुंदराव : मदरशात मौलवीसाहेब असंच म्हणायचे. दफ्तरात सगळे असंच म्हणतात. आता पन्नाशीत जीभ कुठं वळणार?

निर्मला : सकाळी आंघोळीला काय म्हणता? इस्नान?

मुकुंदराव : स्नान म्हणतो.

निर्मला : अन् देवापुढं बसून काय म्हणता? इस्तोत्र?

मुकुंदराव : तोबा तोबा. देवापुढं चुकीचं म्हणेन का मी? स्तोत्र म्हणतो, स्वच्छ.

निर्मला : मग जीभ वळते की. साहेबापुढं जाताना देवापुढची जीभ न्या. म्हणा, स्तोत्र, स्टेट.

मुकुंदराव : स्तोत्र, स्टेट. स्तोत्र, स्टेशन. स्तोत्र, इस्टूल.

तारामती : ई काढा.

मुकुंदराव : तू पण?

तारामती : तासभर तेच ऐकायलेय, तोंडात बसलंय. कसा असतो गं तो ई?

निर्मला : ह्या कागदावर बघा, आत्याबाई. मामंजी मोठीच अक्षरं काढतात. एक उभी रेघ अन् तीन दात.

तारामती : म्हणजे फणीच की. तुटकी फणी.

निर्मला : अन् अजून एक खूण आहे, मामंजी. आधी 'दि' ऐकू आलं तर पुढं एस्टेट. 'द' ऐकू आलं तर स्टेट.

मुकुंदराव : हे मात्र कामाचं सांगितलंस. लिहून ठेवतो. इंग्रजीतच ठेवतो, टाकाकडं कान लावून उभी राहू नको.

निर्मला : आता वाचन. अफझलगंजच्या लायब्ररीत जाताय ना रोज?

मुकुंदराव : न चुकता. संध्याकाळी इंग्रजी अखबार घेऊन बसतो. शब्द न् शब्द वाचतो. वाचून झाल्यावर कुणी विचारलं, काय वाचलं, तर काहीच सांगता येत नाही.

निर्मला : उर्दू मिसल हातात आली तर कशी वाचायचा तुम्ही?

मुकुंदराव : मिसल? एका अर्जाची एवढी जाडी फाईल, तिचं एक-एक पान कोण वाचत बसतो? आधी बघायचं अर्जदार कोण. मग मागतो काय. मग हुकूम काय झाला. तीन गोष्टी सापडल्या की बाकीची मिसल आपोआप उलगडते.

निर्मला : इंग्रजीही तशीच वाचा. शब्दांच्या मागं लागू नका. हा घ्या एक कागद. छापील आहे, थोडा हातानं भरलेला. वाचा.

मुकुंदराव : आण. नेम ऑफ द इस... थांब, बोलू नको. स्तोत्र, स्तोत्र. स्टुडंट. नेम ऑफ द स्टुडंट. निर्मला. अगं, हे तर तुझं नाव आहे.

निर्मला : अर्जदार कोण?

मुकुंदराव : तू.

निर्मला : मागते काय?

मुकुंदराव : ॲडमिशन... वुमेन्स कॉलेज. कोठीच्या कॉलेजात दाखल करून घ्या म्हणायलीस. खाली मॅट्रिकचे मार्क दिलेत. इंग्रजीत पहिली होतीस तू? अख्ख्या शाळेत?

निर्मला : हुकूम काय झाला, मामंजी?

मुकुंदराव : हुकूम उर्दूत आहे.

तारामती : कुणी लिहिलाय? काय म्हणतोय?

मुकुंदराव : अक्षर माझं आहे. नामंजूर म्हणतोय.

तारामती : मागच्या वर्षीचा कागद तो. जपून ठेवलास होय गं? बरोबरच लिहिलं होतं यांनी. लग्न झालेली सून पुस्तकं कवटाळून कोठीला निघाली तर लोक काय म्हणतील?

मुकुंदराव : वजह लिहिलेली नाही इथं.

निर्मला : नव्हतीच लिहिली.

मुकुंदराव : पंचवीस वर्षांत बिनावजह नामंजूर मी कुणाला लिहिलं नाही. कुळाचा अर्ज असला तरी दोन ओळी लिहायचो.

निर्मला : कागद इंग्रजीत होता. तुम्ही वाचला नव्हता. तुमच्या चिरंजीवांनी नोकरीच्या गावाहून, पूर्णेहून, मला पत्र लिहिलं होतं, बाबा मंजूर म्हणाले तर खुशाल जा. मी पडद्याखालून कागद सरकवला. तुम्ही तिथल्या तिथं लिहून परत सरकवला. टाक एकदाही थांबला नव्हता, मामंजी. तेवढं मला चांगलं आठवतं.

मुकुंदराव : वाचता आला नाही, हे सांगायची लाज वाटली असेल. त्यापेक्षा नामंजूर लिहिणं सोपं.

तारामती : जाऊ द्या आता. कशाला जुनं काढायचं?

मुकुंदराव : जुनं कसं? मिसल बंद कुठं झालीय? सूनबाई, सोमवारी पास झालो तर हा हुकूम बदलतो.

निर्मला : नको.

मुकुंदराव : नको?

निर्मला : तुमच्या परीक्षेला माझा अर्ज बांधू नका. मंगळवारी फॉर्मची शेवटची तारीख आहे. पास झालात तरी मी अर्ज करणार, नापास झालात तरी करणार. तुम्ही फक्त वाचून हुकूम लिहा. नामंजूर लिहायचं तर वजह लिहा.

तारामती : बघा, कशी बोलायली ती.

मुकुंदराव : ऐकू येतंय मला. बरोबर बोलायली. पुढचं वाक्य सांग, सूनबाई.

(सोमवार, दुपार. दारात मुकुंदराव, डोक्यावरची टोपी तशीच. आतला पडदा ओढलेला.)

तारामती : दारात काय उभे राहिलात? पाणी घ्या. अन् खोकू नका, सरळ सांगा.

मुकुंदराव : आधी बसू दे. सूनबाई आहे का पडद्याआड?

निर्मला : सकाळपासून इथंच आहे, मामंजी.

मुकुंदराव : अकरा जण होतो आम्ही. साहेब लखनौकडचा, नवा आलेला. पंखा होता, तू म्हणालीस तसा. खोकणारे तर सगळेच. मी 'द' अन् 'दि'कडं कान लावून बसलो. अन् साहेब काय म्हणाला ऐक. दि सर्व्हंट्स ऑफ दि इस्टेट आर नाऊ सर्व्हंट्स ऑफ दि इस्टेट.

निर्मला : दोन्हीकडं इस्टेट? अन् दोन्हीकडं दि?

मुकुंदराव : साहेबाचीच जीभ मौलवीसाहेबांची निघाली. बाहेर आल्यावर कळलं, आठ जणांनी दोन्हीकडं ई लावला.

तारामती : मग तुम्ही काय लावलं?

मुकुंदराव : हात उजवीकडं जायला लागला होता, खोटं कशाला सांगू? टाक खाली ठेवला. मनात म्हटलं, मुकुंदराव, कान राहू दे, मिसल वाच. कोण आहेत? जहागिरीचे नोकर. झालं काय? चाकरी बदलली. गेले कुणाकडं? आता हे मला लखनौच्या साहेबानं का सांगावं? मी स्वतः गेलोय की. जहागिरीच्या कचेरीतून माझं दफ्तर बगलेत मारून नव्या कचेरीत चालत गेलोय, दोन वेळा रस्त्यात थांबून मागं बघितलंय. पहिल्याचा ई ठेवला. दुसऱ्याचा काढला.

निर्मला : आणि वाचन?

मुकुंदराव : एक अर्जच दिला होता वाचायला. अर्जदार कोण, मागतो काय, हुकूम काय, तिन्ही सांगितलं. साहेब म्हणाला, आहिस्ता वाचता, पण समजून वाचता. कागद तिथंच तपासले. दहा चुकांपर्यंत माफी होती. माझ्या नऊ निघाल्या.

तारामती : म्हणजे पास का नापास, तेवढं बोला हो.

मुकुंदराव : पास.

तारामती : मग हे आधी सांगायचं का पंख्याचं पुराण लावायचं? माझा जीव नुसता टांगून ठेवला. थांबा, देवापुढं साखर ठेवते.

मुकुंदराव : साखर मागून. सूनबाई, फॉर्म आणलास?

निर्मला : आणलाय. शेजारच्या सुशीलाबाईंनी कॉलेजातून दोन आणून दिले. मागच्या वर्षी एक वाया गेला होता, म्हणून दोन सांगितले. हा घ्या, सरकवते.

तारामती : सरकवतेस काय पडद्याखालून? ये बाहेर. यांची मास्तरीण ना तू? समोर बैस. लोकांचं मी बघून घेते.

निर्मला : आत्याबाई...

तारामती : आलीस तर बैस नीट. अशी कडेला टेकू नको.

मुकुंदराव : हं. वाचला सगळा. पालकाच्या रकान्यात हुकूम लिहितो, अन् वजहसकट लिहितो. इंग्रजीत. आय परमिट हर. शी इज अ गुड टीचर. शी शुड... झालं. वाचून बघ. चूक आहे का?

निर्मला : नाही, मामंजी.

मुकुंदराव : डोळे का पुसतेस मग?

निर्मला : काही नाही. बरोबर आहे सगळं.

तारामती : बघू मला. अगं, ह्या शेवटच्या शब्दाच्या तोंडाशी फणी कशाला आहे?

मुकुंदराव : फणी? शी शुड... इस्टडी. निर्मला, खोटं बोललीस. मास्तरीण असून खोटं बोललीस.

निर्मला : एवढीशी चूक आहे, मामंजी. नऊ झाल्या होत्या, ही दहावी. दहा चालतात.

मुकुंदराव : माझ्या कागदावर चालतात. हा कागद तुझा आहे. तो दुसरा फॉर्म दे इकडं.