स्वल्पविरामाआधीची जागा

सासूबाई: दोनदा गरम केला चहा. आता तिसऱ्यांदा करणार नाही मी. प्यायचा तर पी, नाहीतर कुंडीत ओत.

सून: आई, थोडा वेळ बोलू नका ना, प्लीज. किती वाजले?

सासूबाई: बोलू नका म्हणतेस आणि लगेच विचारतेस. सव्वाचार.

सून: म्हणजे पावणेदोन तास. अरे देवा.

सासूबाई: सहाला काय आहे? सकाळी ती बातमी वाचल्यापासून तोंड उतरलंय तुझं. ऑफिसला रजा टाकलीस, जेवली नाहीस, नखं तेवढी खाल्लीस. काय झालंय?

सून: तुम्हाला नाही कळायचं. कॉम्प्युटरचं आहे.

सासूबाई: अठ्ठावीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली मी. त्यातलं निम्मंअधिक मला कळत नव्हतं. विहिरीच्या पंपांचं आख्खं पुस्तक तपासलंय, पंप आयुष्यात उघडून पाहिला नाही. कळणं वेगळं आणि चूक दिसणं वेगळं. बोल.

सून: माझं 'राखण' माहितीय ना?

सासूबाई: फ्रीजवालं.

सून: हो. दवाखान्यांत रक्ताच्या पिशव्या, लशी ठेवतात, त्या फ्रीजवर लक्ष ठेवतं ते. आतलं तापमान चढलं की भोंगा वाजवतं. मी रक्तपेढीत होते तेव्हा एक फ्रीज बंद पडला होता, कुणाला पत्ता नाही. साठ पिशव्या फेकल्या आम्ही. त्या चिडीतून लिहिलं. आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कुणीही घ्या, आत काय लिहिलंय ते वाचा, हवं तर बदला.

सासूबाई: आणि आभार कुणीही मानू नका. तेही माहितीय मला. नऊ वर्षं बघतेय, सुट्टीच्या दिवशीसुद्धा त्यालाच चिकटलेली असतेस. पुढं?

सून: आज सहाला त्याची नवी आवृत्ती जाणार आहे. आपोआप. चारशेवर दवाखान्यांत.

सासूबाई: मग चांगलंच आहे की.

सून: ती मी नाही बनवली. शेजाऱ्यानं बनवलीय.

सासूबाई: शेजारी म्हणजे तो? माझा गुडघा विचारणारा?

सून: तुम्हाला कसं माहीत?

सासूबाई: अगं तूच सांगितलंस. त्यानं सांगितलेला जाड्या मिठाचा शेक मी रोज घेते. तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण खरा शेजारी नव्हे ना तो?

सून: नाही हो. तिथं टोपणनावानं लिहितात सगळे, त्याचं टोपणनाव 'शेजारी'. कुठं राहतो, काय करतो, मला काही माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी आला. मी पार थकले होते तेव्हा. तिघंजण रोज पत्रं पाठवून जीव नकोसा करायचे माझा. हे का नाही केलं, ते का अडलंय, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. रडायचे मी, आठवतंय? आणि हा एकटा म्हणायचा, ताई, तुम्ही विश्रांती घ्या, मी बघतो.

सासूबाई: ताई म्हणायचा?

सून: म्हणायचा. आणि बघायचा पण! चुका काढायचा, दुरुस्त करून द्यायचा. मग वर्षभरापूर्वी मी त्याला किल्ली दिली. म्हणजे नवी आवृत्ती बाहेर पाठवायचा हक्क. आता तो माझ्याशिवाय पाठवू शकतो.

सासूबाई: आणि आता त्याच्यावर संशय आलाय तुला.

सून: संशय नाही... म्हणजे... आजची बातमी त्यावरच होती. दुसऱ्या एका खुल्या प्रोग्राममध्ये असाच एक मदत करणारा आत शिरला आणि गुपचूप आत यायला चोरदार ठेवून गेला. तरी मी म्हटलं, आपलं तसं नाही. पण दहाला पत्र आलं. एका दवाखान्यातल्या तंत्रज्ञ बाईंचं. नवी आवृत्ती चाचणीसाठी अकरा ठिकाणी आधीच गेलीय, त्यातलं एक त्यांचं. काल त्यांच्या फ्रीजचं दार चुकून उघडं राहिलं आणि भोंगा वाजला अकरा मिनिटं उशिरा. पूर्वी एका मिनिटात वाजायचा.

सासूबाई: अगबाई.

सून: रक्त वाचलं. बाई स्वतः तिथंच होत्या म्हणून. नसत्या तर? सकाळपासून मी त्याचं सगळं लिखाण वाचतेय. काही सापडत नाही. त्यानं मध्यंतरी सगळं 'नीटनेटकं' करून ठेवलंय, नावं बदलली, तुकडे इकडचे तिकडे केले. जुनं आणि नवं शेजारी-शेजारी ठेवलं तर प्रत्येक ओळ बदललेली दिसते. त्यातली वाईट ओळ कुठली ते कसं कळणार?

सासूबाई: मग थांबव. किल्ली काढून घे.

सून: आणि तो निर्दोष असला तर? आई, नऊ वर्षांत मला 'दमला असाल' म्हणणारा तो एकच माणूस भेटलाय. मी त्याला चारचौघांत चोर ठरवू? एका बातमीवरून आणि अकरा मिनिटांवरून?

सासूबाई: ती पत्रं आहेत का?

सून: कुठली?

सासूबाई: सगळी. त्याची, त्या तीन भांडकुदळांची. तुझ्या त्या कंसांच्या रानात मला शिरायचं नाही, पण माणसांनी लिहिलेलं मी वाचू शकते. अक्षर मोठं कर. आणि तो चष्मा दे, जवळचा.

सून: हे घ्या. वरची तिघांची, खाली शेजाऱ्याची. पण ती रागाची पत्रं आहेत, त्यात काय सापडणार?

सासूबाई: आता तू बोलू नकोस.

(सासूबाई माऊसने एकेक पत्र सरकवत वाचत जातात.)

सासूबाई: हा पहिला, तिरसट. 'अजून किती वाट पाहायची ?' हा दुसरा, घाईतला. 'हे चालतं कसं ?' तिसरा जरा शिकलेला वाटतो. पण बघ.

सून: काय बघू?

सासूबाई: प्रश्नचिन्ह शब्दाला चिकटून नाही. मध्ये जागा सोडलीय. स्वल्पविरामाआधीसुद्धा. तिघांच्याही.

सून: आई, काही भाषांत तशी पद्धतच असते. प्रश्नचिन्हाआधी जागा सोडतात.

सासूबाई: स्वल्पविरामाआधीही?

सून: नाही... तिथं नाही सोडत.

सासूबाई: बरं. आता वाक्य संपवताना बघ. जिथं चिडलाय तिथं दोन टिंबं. एक नाही, तीन नाही, दोन. आमच्याकडं असा एक लेखक यायचा, त्याची दोन टिंबं खोडून खोडून माझी पेन्सिल झिजली. हा तिरसट, दोन टिंबं. हा घाईतला, दोन टिंबं. आणि हे तुझ्या शेजाऱ्याचं. 'ताई , तुम्ही खूप केलंत.. आता थोडी विश्रांती घ्या.. आईंचा गुडघा कसा आहे ?'

सून: थांबा, परत वाचा ते.

सासूबाई: हात तोच आहे गं.

सून: नाही. नाही हो आई. योगायोग असेल.

सासूबाई: किल्ली कधी दिलीस?

सून: गेल्या वर्षी. मार्चच्या नऊ तारखेला.

सासूबाई: या तिघांचं शेवटचं पत्र आठ मार्चचं. त्यानंतर एकाचंही नाही. एकदम तिघंही समाधानी झाले?

सून: तोच मला रडवत होता. आणि तोच डोळे पुसत होता. दोन वर्षं. मी त्याला सगळं सांगितलंय आई, माझं आजारपण, तुमचा गुडघा, ह्यांची बदली, सगळं!

सासूबाई: रड नंतर. किती वाजले?

सून: पाच वाजायला आले. पण पुरावा कुठंय? स्वल्पविरामावरून कोण मानेल माझं? हसतील लोक. लिखाणात काही नाहीये, मी दोनदा वाचलं.

सासूबाई: तू वाचतेयस ते हस्तलिखित. छापून गेलेलं पान कुठंय?

सून: म्हणजे?

सासूबाई: अगं, मी प्रुफावर सही करायची ते पान वेगळं आणि यंत्रावर चढायचं ते वेगळं. मधल्या मधे कुणी अक्षराचा खिळा बदलला तर माझ्या सहीला काय अर्थ? म्हणून मी पहिली छापील प्रत हातात घेतल्याशिवाय घरी जायची नाही. दवाखान्यांत जातं ते हेच लिखाण जातं का?

सून: नाही. ते बांधून जातं. एक गठ्ठा करून. तो गठ्ठा... तो तोच करतो. मी कधी उघडून पाहिला नाही. लिखाण सगळ्यांसमोर आहे म्हटल्यावर गठ्ठा कोण उघडतं?

सासूबाई: उघड.

सून: थांबा. मी या लिखाणावरून माझा गठ्ठा बांधते आणि त्याच्या गठ्ठ्याशी ताडून बघते... आई.

सासूबाई: काय?

सून: त्याचा मोठा आहे. एक फाइल जास्त आहे. 'नमुना सात' नावाची. लिखाणात ही कुठंच नाही. उघडत पण नाहीये, नुसता कचरा दिसतोय आत.

सासूबाई: काय करते ती?

सून: माहीत नाही. कळायला आठवडा लागेल. पण मी ठेवलेली नाही एवढं नक्की.

सासूबाई: किल्ली काढ आधी.

सून: काढते. ही... काढली. सहाचं पाठवणं रद्द. झालं, रद्द झालं.

सासूबाई: आणि ते अकरा दवाखाने?

सून: त्यांना कळवायला हवं, जुनी आवृत्ती परत चढवा म्हणून. पण नुसतं त्यांना सांगून भागणार नाही. ज्यांनी कुणी स्वतःहून घेतली असेल त्यांच्यासाठी जाहीर लिहावं लागेल. माझ्या नावानं. उद्या बातमी होईल आई. म्हणतील, फुकटातलं असंच असतं. म्हणतील, बाईनं गोड बोलणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात किल्ली दिली. ऑफिसात काय तोंड दाखवू? गपचूप दुरुस्त करून टाकलं तर? जुनंच पुन्हा नव्या नंबरानं पाठवलं तर कुणाला कळणारसुद्धा नाही.

सासूबाई: सतरा तारीख आली की मी जेवत नाही, पाहिलंयस?

सून: उपास असतो ना तुमचा.

सासूबाई: कसला उपास! एका परीक्षेचं वेळापत्रक माझ्या हातून गेलं. अकराच्या जागी सतरा. छापील प्रत हातात आली तेव्हाच दिसलं मला. गठ्ठे अजून दारात होते, गाडी यायची होती. मालकांना सांगितलं असतं तर शुद्धिपत्रक गेलं असतं, नोकरी कदाचित राहिली नसती. तुझा नवरा तेव्हा चार वर्षांचा. मी गप्प बसले. बावीस मुलं सतराला परीक्षेला आली. शाळेच्या शिपायानं परत पाठवली.

सून: हे तुम्ही कधी...

सासूबाई: कुणालाच नाही. यांनासुद्धा नाही. आणि कुणाला कळलंही नाही बरं का, मजकूर देणाऱ्यावर गेलं ते. तेव्हापासून मी छापील प्रत बघितल्याशिवाय घरी जायचं सोडलं. लिही तू शुद्धिपत्रक. वरच लिही, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नको.

सून: खुलं ठेवलं म्हणूनच तो आत आला, आई. बंद ठेवलं असतं तर आला असता का?

सासूबाई: नसता आला. आणि मीही नसते आले. तुझी पत्रं, तुझा गठ्ठा, सगळं वाचायला मिळालं म्हणून सापडला ना तो? कुलपात असतं तर ती तंत्रज्ञ बाई कुणाला लिहिणार होती? दार उघडं होतं हा दोष नाही तुझा. आत वाचायला तू एकटी बसली होतीस, हा आहे. यापुढं दुसऱ्या वाचनाला मी बसते. कंस मला कळत नाहीत, पण जागा दिसतात.

सून: हे वाचा मग. 'राखण वापरणाऱ्या सर्वांना. नवी आवृत्ती घेऊ नका. घेतली असेल तर आत्ता काढा आणि जुनी चढवा. तोपर्यंत दर पंधरा मिनिटांनी फ्रीज स्वतः जाऊन बघा. नव्या आवृत्तीत एक अनोळखी फाइल आहे. पाठवण्याचा हक्क मी ज्याला दिला होता तो माणूस कोण आहे हे मला माहीत नाही. चूक माझी आहे.' खाली माझं नाव.

सासूबाई: 'काढा आणि' नंतर स्वल्पविराम नको, घातला नाहीस, बरं केलंस. पाठव.

सून: पाठवलं. अकरा जणांना फोन करते आता. सगळ्यात आधी त्या बाईंना.

सासूबाई: कर. मी चहा टाकते.

सून: तुम्ही म्हणाला होतात तिसऱ्यांदा नाही.

सासूबाई: गरम करणार नाही म्हटलं होतं. हा नवा.

सून: आई, थांबा. त्याचं पत्र आलंय. आत्ता.

सासूबाई: काय म्हणतो? धमकी?

सून: नाही. किल्लीचं काहीच नाही. एकच ओळ आहे. 'ताई , आईंचा गुडघा कसा आहे ?'

सासूबाई: जागा सोडून?

सून: जागा सोडून. आई, या दोन वर्षांत एकदा तरी त्यानं खरंच विचारलं असेल का हो?

सासूबाई: ते मला वाचता येत नाही, बाळा.

सून: काय उत्तर देऊ?

सासूबाई: खरं ते लिही. दुखतोय म्हणावं.