आनंदात शेवटून पहिली

—पाचवं. ते शेवटचं, दात दाखवणारं तोंड. पुढच्यालाही पाचवंच. आणि त्याच्या पुढच्यालाही — अगं, एकेक विचारत कशाला बसतेस, सगळीकडं पाचवं कर आणि मोकळी हो. काय? आधी प्रश्न ऐकून घेऊ? ऐकलेत की! डीन सरांनी आम्हां सगळ्यांना, झाडूवाल्या, भांडीवाल्या, वॉचमन, मेसच्या मागं ओळीनं उभं करून तालीम घेतली. कामाचा ताण येतो का? येत नाही. वरची माणसं नीट बोलतात का? बोलतात. आमचा नागुलू वॉचमन तर इतका तयार झालाय, की सकाळी त्याला म्हटलं, ‘इडली खाल्लीस का रे?’ तर छाती काढून म्हणतो, ‘मी अत्यंत समाधानी आहे.’ हस, हस. मीही हसले. मग मागं वळून बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना — हे असं आमचं हसणं. ते लिहू नकोस.

मला वाचता येत नाही म्हणून तू ही तोंडं काढून आणलीस, ते चांगलं केलंस. रडकं, मग जरा कमी रडकं, मग ते मधलं पिठल्यासारखं, मग हसरी दोन. हैदराबादच्या मोठ्या कॉलेजातून तू आलीस, माणसं कामावर कशी वागतात आणि त्यानं पोरींच्या जिवाला काय होतं ते बघायला — बरोबर ना? झान्सी मॅडमनं सांगितलं. आमची वॉर्डन. ती बघ, खिडकीबाहेर फोनवर बोलतेय असं दाखवतेय. फोन कधीचा बंद आहे. इथलं काही बोलायचं नाही असा हुकूम आहे, पोरी. मी कशी बोलेन? पण म्हातारीनं गोष्ट सांगू नये, असा काही हुकूम निघालेला नाही. मला रात्रीच्या भातासाठी एवढी चिंच कोळायची आहे. हात चालू राहतील, तोंड चालू राहील. तू पेन खाली ठेव.

तर लोकांच्या गोष्टीत आटपाट नगर असतं, माझ्या गोष्टीत आटपाट हॉस्टेल आहे. बेजवाड्याच्या, म्हणजे तुमच्या विजयवाड्याच्या बाहेर, कालव्याच्या काठी, पोरींकडून डॉक्टरकीच्या परीक्षेचा अभ्यास घोटून घेणारं. तिथं होती एक म्हातारी रत्तम्मा, होती तिच्या लेकीची लेक वल्ली, आणि वरच्या मजल्यावर होता एक डीन. माझं नाव कोटम्मा, हिचं रत्तम्मा — वेगळं आहे की नाही? झालं तर मग. वल्लीची आई कुवेतला, परक्याची पोरं आंघोळी घालून वाढवायला गेलेली. वल्लीचा बाप असून नसल्यासारखा. रत्तम्मा हॉस्टेलच्या मेसमध्ये स्वैपाक करायची, म्हणून डीननं वल्लीला फी माफ करून आत घेतलं. डॉक्टर होईल पोर! सगळ्या गावानं रत्तम्माच्या नशिबाचा हेवा केला. आत घेताना वल्लीचे दहावीचे कागद ऑफिसच्या कपाटात ठेवून घेतले. आणि सांगितलं, मधेच पोर काढलीस तर सगळी माफ केलेली फी आणून टाक, मग कागद ने. रत्तम्मानं मान हलवली. उंदराच्या पिंजऱ्याला आत जायचं दार केवढं मोठं असतं बघ, आणि वर खोबरंही टांगलेलं असतं.

वेणी घालण्यात अभ्यासाचा वेळ जातो म्हणून पहिल्याच आठवड्यात पोरींचे केस कापले. आणि दुसरा नियम, स्वैपाक्यांनी पोरींशी बोलायचं नाही. म्हणजे काय झालं — कट्ट्याच्या या बाजूला आजी, त्या बाजूला नात, मधे भाताचं पातेलं, आणि दोघी मुक्या. पण रत्तम्माचं त्यात अडलं नाही. का सांगू? ती पोर पहिल्यापासून तोंडावर सगळं घेऊन फिरणारी. उप्पीट दिसलं की नाक मुरडणार, गोंगुऱ्याची, अंबाडीची चटणी दिसली की डोळे असे मोठे. पेपर वाईट गेला की खालचा ओठ बाहेर. आईचा फोन आला नाही की भुवया एकत्र. रत्तम्मा पळी हातात घेऊन तोंड वाचायची. मला अक्षर येत नाही, पण ते एक पुस्तक मी — रत्तम्मा — कुठलंही पान काढून वाचायची. ओठ बाहेर असला की भाताखाली लोणच्याची फोड लपवायची. खाली फोड सापडली की पोरगी वर बघायची. बास, एवढं बोलणं पुरत होतं. पुरवून घेतलं होतं.

मग गेल्या पावसाळ्यात माणसं आली कागद घेऊन. तुझ्यासारखीच — तुझीच होती का? असू दे, मी नावं ठेवत नाहीये. पोरींना विचारायला आली: झोप लागते का, रडू येतं का, कुणाशी बोलावंसं वाटतं का. नाव लिहू नका म्हणाली, मनातलं खरं लिहा म्हणाली, आणि कोऱ्या कागदांचे गठ्ठे डीनच्या टेबलावर ठेवून, भरून घ्या, पुढच्या सोमवारी नेतो म्हणून गेली. अगं, असं करतात का? मांजराच्या पुढ्यात दूध ठेवून, पिऊ नकोस हं, म्हणायचं? डीन वाईट माणूस नव्हता बरं का. मी त्याचं मीठ खाल्लंय — खोटं कशाला बोलू, त्यानंच माझं खाल्लंय म्हण. पण त्याला जन्मात एकच विद्या येते. प्रश्न आहेत म्हणजे उत्तरं आहेत, उत्तरं आहेत म्हणजे मार्क आहेत, आणि मार्क आहेत म्हणजे कुणीतरी पहिलं आहे, कुणीतरी शेवटचं. तो गठ्ठा बघितला आणि त्याचे डोळे चमकले. म्हणाला, ‘रोल नंबर नाही तो पेपर कसला? रोल नंबर टाकून घ्या. आणि आधी सराव परीक्षा होऊ दे.’

झाली की सराव परीक्षा! मेसच्याच हॉलमध्ये झाली, मी कांदे चिरत होते. झान्सी मॅडम समोर उभी. ‘मला रडू येतं. उत्तर?’ सगळ्या पोरी एका सुरात, ‘कधीच नाही, मॅडम!’ ‘मला इथं सुरक्षित वाटतं. उत्तर?’ ‘नेहमी, मॅडम!’ एका पोरीनं हात वर केला, ‘मॅडम, चुकलं तर मार्क कापणार का?’ थट्टा नव्हती गं, ती खरंच विचारत होती. रात्रभर पाठ केलं बिचाऱ्यांनी. आनंद पाठ केला! माझे डोळे कांद्यानं वाहत होते म्हणून बरं.

मग खरा पेपर झाला आणि निकाल फळ्यावर लागला. आनंदात पहिली अमुक, आनंदात दुसरी तमुक. आणि आमची वल्ली आनंदात शेवटून पहिली. वॉर्डननं रत्तम्माला बोलावलं. ‘फी माफ केली, जेवायला घातलं, आणि तुझी नात नापास!’ रत्तम्मा घाबरली. ‘कशात हो मॅडम? गणितात?’ ‘आनंदात!’ आणि तिनं तो कागद वाचून दाखवला. झोप लागते का? नाही. रडू येतं का? येतं, पण वेळ मिळत नाही. कुणाशी बोलावंसं वाटतं का? अम्मम्माशी, आईच्या आईशी. मग अडचण काय? ती रोज समोर असते.

...थांब. चिंचेचा चोथा डोळ्यात गेला. काही नाही.

तर मग नापास पोरींचा वेगळा वर्ग लागला, पहाटे, बाकीच्यांचा अभ्यास सुरू व्हायच्या आधी. आनंद सुधारणेचा वर्ग. घेणार कोण? फिजिक्सच्या सरांचा तो तास रिकामा होता, त्यांनी घेतला. बिचारा तोही काय करणार, त्याला दोन लेकी उजवायच्यात. प्रत्येकीच्या हातात आरसा दिला. ओठ ताणा. अजून. दात दिसू द्या. आता डोळेही. ‘तुझे डोळे हसत नाहीत, पुन्हा!’ मी मागं शेगडी पेटवायची तेव्हा ऐकू यायचं — वीस-पंचवीस पोरी एकदम हा हा हा, मग शिट्टी, की गप्प. मग शिट्टी, की पुन्हा हा हा हा. झाडावरचे कावळे उडून जायचे. त्या पोरींचं जेवणही वर्गातच पाठवायचे, वेळ वाचावा म्हणून. त्यामुळं रत्तम्माला नात दिसेनाच. अख्खा महिना असा गेला. ती डबे भरायची आणि कुठला डबा तिचा, तेही कळायचं नाही, म्हणून सगळ्याच डब्यांत लोणच्याच्या फोडी लपवायची. मुख्य स्वैपाक्यानं शिव्या घातल्या, बरणी रिकामी झाली म्हणून.

आणि मग एके दिवशी वल्ली रांगेत परत आली. हसत. मला केवढं हायसं वाटलं! म्हटलं, बघ, पोर सावरली. मी उप्पीट वाढलं — हसली. दुसऱ्या दिवशी करपलेलं वाढलं — हसली. आता मला शंका आली. मी तिच्या एकटीच्या ताटात कारल्याची भाजी वाढली, न मीठ न गूळ, नुसती कडू जहर. म्हटलं, आता मुरडेल नाक. तिनं घास घेतला, चावला, गिळला, आणि माझ्याकडं बघून सगळे दात दाखवले. रविवारी कुवेतहून फोन आला नाही, तरी तेच तोंड. सहामाहीत फिजिक्समध्ये पडली, तेच तोंड. माझ्या हारिकाला मी दाईच्या हातातून घेतलीय गं, तिचं रडणं गल्लीतल्या शंभर पोरांत ओळखलं असतं, आणि आता ती समोर उभी असते आणि मला वाचता येत —

हारिका म्हणाले का मी? वल्ली. वल्ली म्हणायचं होतं. म्हातारपण, दुसरं काय. तू अशी बघू नकोस. आणि ते पेन उचलू नकोस, मी सांगितलं ना.

पुढं छान आहे गोष्ट. पुन्हा परीक्षा झाली आणि वल्ली आनंदात पहिली आली. गेटवर एवढा मोठा फोटो लागला. हुशार पोरींच्या बॅचमध्ये बसवलं, तिथं थंड हवेचं यंत्र आहे. डीननं रत्तम्माला बोलावून सांगितलं, ‘म्हातारे, तुला आवारात खोली देतो, मेसची मुख्य तू.’ आणि हैदराबादहून कुणी शिकलेली बाई बघायला येणार, तिच्यापुढं बोलायला हीच पोर, चार वाजता. असं त्या दोघींचं नशीब फळफळलं, जसं त्यांचं तसं तुझं होवो, माझं होवो. संपली गोष्ट. कर पाचव्या तोंडावर खूण.

...काय विचारलंस? म्हातारी खूश झाली का?

बाई गं. हे तर कुणी तालमीत घेतलंच नव्हतं.

ऐक. हळू बोलते. परवा तिला ताप आला. आजारी पोरींच्या खोलीत पेज घेऊन जायचं होतं, मला पाठवलं, दुसरं कुणी नव्हतं म्हणून. अंधारून ठेवलेलं, पोर डोळे मिटून पडलेली, अंग भट्टीसारखं. मी कपाळावर हात ठेवला. किती दिवसांनी ठेवला. म्हटलं, आता हात ओळखेल, आता ‘अम्मम्मा’ म्हणेल. आणि तिनं, पोरी, डोळे न उघडता, तापात, ओठ ताणले — असे, कानापर्यंत — आणि म्हणाली, ‘मी ठीक आहे, मॅडम.’

माझ्या हाताला. मॅडम.

विहिरीत पडलेलं माणूस ओरडतं म्हणून सापडतं गं. ही ओरडतच नाही. मी काठावर उभी आहे, दोर हातात आहे, आणि पाण्यावर तरंग नाही. आता मी काय करू? खरं सांगितलं तर तू लिहिशील, लिहिलंस तर मला हाकलतील, तिचे कागद कपाटात कुजतील, तिची आई तिकडं छाती पिटेल. नाही सांगितलं तर ती तशीच हसत राहील. डॉक्टर होईल, हसत. लग्न होईल, हसत. आणि एक दिवस... नको. तू शिकलेली आहेस, तूच सांग. नाही, तू नको सांगूस, तुला सोमवारी परत जायचंय. फक्त एवढं कर, चार वाजता ती समोर बसली की तिच्या हसण्यावर विश्वास ठेवू नकोस. तिला म्हण, तुझी अम्मम्माही या हसण्यावर विश्वास ठेवत नाही. एवढंच म्हण. तिला वाटत असेल मला बरं वाटतं ती हसली की, म्हणून तर करते ती, माझी खोली जाऊ नये म्हणून, तेवढी समज आहे तिला, मेलीला —

कोण आहे तिकडं? तांदळाच्या पोत्यांच्या आड? नागुलू, तू असशील तर तुझे पाय — 

हारिका?

चार वाजायचेत अजून. केव्हापासून उभी आहेस तू? ...कुठपासून ऐकलंस? ...कारल्यापासून?

हे काय? अगं, हे काय तोंड — पोरी, बघ, बघ हिचं तोंड! नाक गळतंय, ओठ कुठल्या कुठं वाकडा, आवाज फुटेना — दोन वर्षांची असताना अस्सं — ये. ये इकडं. हात चिंचेचे आहेत माझे, असू देत. रड. अशी गिळू नकोस, मोठ्यानं रड, वरच्या मजल्यावर ऐकू जाऊ दे. काय म्हणालीस? बोल, मी ऐकतेय. घरी? घरी जायचं? जाऊ. आजच जाऊ. कागद राहू देत त्यांच्या कपाटात, मला माणूस हवंय. देव पावला. माझ्या घराला आज देव पावला गं बाई, पोर रडली!

आणि तू काय बसून राहिलीस? ऊठ. ती झान्सी मॅडम आत यायच्या आत तू बाहेर हो, तिला बोलण्यात धर, तुला बोलता येतं चांगलं. नाही, आणखी एकही प्रश्न नको. जा. दार ओढून घे जाताना.