पहिल्यासारखी कंपनी

मूर्तिजापूर स्टेशनवर बसलेल्या बद्रुद्दीनचाचांनी उभा जन्म शाईपेनं दुरुस्त केली होती. शेजारी निवृत्त शेषराव गुरुजी आणि त्यांची लेक रश्मी पेनावरून बोलू लागले, तसे चाचांचे कान टवकारले.

“बाबा, तुमी आणलेलं हे नवं पेन नको. कंपनी पहिल्यासारखी नाही राह्यली.”

“माह्या पेनानं तीस वर्षं हजेरी लिहिली, पोरी. तीच कंपनी हाय.”

“हे कागद फाडते. उद्या तेल्हाऱ्यात कृषी सहायक म्हणून पयली सही करायची हाय मले.”

चाचांना राहवलं नाही. “दाखव, बेटी.” त्यांनी तिकिटामागं नाव लिहून पाहिलं. “मख्खन हाय, गुरुजी! कंपनी जराबी बिघडली नाही.”

“मंग तुले कावून नको, रश्मी?”

रश्मी बाबांच्या खिशातल्या जुन्या पेनाकडे पाहत राहिली. गुरुजींनी ते काढून तिच्या हातात ठेवलं.

“दे मंग ते नवं मले.”