धुळीच्या मशीनपुढचा सडा

माघातला रविवार, दुपार. जागा माझीच ओसरी. हजर: मी पुष्पा, महिला बचतगटाची सचिव, माझी जाऊ सुमन, आमचे घरचे, म्हणजे माझे मालक, खाटेवर पडून, पण ऐकून राहिले, अन् लिहून घेणाऱ्या तुम्ही, शाळेच्या मॅडम. असंच लिहा. आमच्या गटाची मीटिंग अशीच सुरू होते, त्याबिगर मले बोलणं सुचत नाही.

तं माहेर माझं सानगडीकडचं. बाप धान पिकवे, अन् माय पहाटे अंगणात शेणाचा सडा टाकल्याबिगर चूल पेटवत नव्हती. पाहुणा येणार म्हटलं की गल्लीपर्यंत पाणी मारे. तेच मले लागलं. लगन होऊन मोहाडीच्या बाजूले आली, तं सासू साऱ्यायले सांगे, माझ्या सुनेच्या अंगणात सांडलेला भात वेचून खाता येते. काय सांगू तुम्हाले, सारी भानगड त्या सवयीनंच झाली, पण ते मागून सांगते.

आमची शेती बोडीखाली आहे. तुम्ही पुण्याकडच्या म्हणून सांगते, बोडी म्हणजे लहानसा तलाव. त्या बोडीच्या वर टेकडीवर आता गिट्टीची खदान होणार, दगड फोडाचा क्रशर बसणार. धान फुलावर आला अन् वरून भुकटी पडत राहिली, तं दाणा भरन काय? ह्या एका गोष्टीनं मले झोप नाही.

खदानीच्या आधी पर्यावरणाचा अभ्यास करा लागते म्हणे. मंग नागपूरवरून एका कंपनीचे ढोमणे सर आले. बोडीचं पाणी बाटलीत नेलं, बांधावरची माती पिशवीत नेली, अन् म्हणाले, बाई, तुमच्या स्लॅबवर हवेतली धूळ मोजायची मशीन ठेवू काय? मी म्हटली ठेवा. आता घरी पाहुणी आली, अन् मी काय बसून राहीन? स्लॅब धुतला, सडा टाकला, मशीन चालू राहे त्या दिवशी गटाच्या बायांले घेऊन समोरच्या रस्त्यावर पाणी मारलं. शेजारचे देवराव भाऊजी अंगणात धान चुरून राहिले होते, म्हणजे मळणी, त्यायले म्हटलं, भाऊजी, वावरातच चुरा बाप्पा, इकडं भुसा उडते. त्यायनं ऐकलं. आमचे घरचे म्हणे, मशीनले काजळाचं बोट बी लाव, नजर लागन.

सर मशीनमधला धूळ जमाचा कागद काढत अन् म्हणत, तुमच्याकडची हवा एकदम साफ आहे बाई. मले वाटे माझा शाळेत पहिला नंबर आला. गावभर सांगत फिरली.

मंग ग्रामपंचायतीत अहवाल वाचून दाखवला. गावची हवा साफ आहे, म्हणून क्रशरची धूळ त्यात मिळवली तरी सरकारी मर्यादेतच राहते. सुमन माझ्या कानात म्हणे, बाई, तुम्ही रस्ता धुतला नं, तितकी जागा त्यायच्या धुळीले करून दिली.

मी तशीच बाहेर येऊन सरले फोन लावला. म्हटलं, सर, ते मोजणं खरं नाही, आम्ही पाणी मारलं होतं. ते म्हणाले, सडा तर तुम्ही रोजच टाकता ना? म्हटलं, टाकतो. ते म्हणाले, मग ती तुमची रोजचीच हवा झाली. म्हटलं, पण रस्ता रोज नाही धूत. आखरीले म्हणाले, जनसुनावणीच्या आधी पुन्हा एकदा मोजू, पण मशीनसाठी काही करू नका, जसे राहता तसे राहा.

इथंच माझं डोस्कं फिरलं. सुमन म्हणते, झाडूच नका, येऊ द्या धूळ. सरपंच म्हणते, जास्त निघाली तं खदानवाले म्हणतीन, हे गाव आधीच मळकं, आमच्यानं काय बिघडते. म्हणजे साफ निघाली तरी त्यायचं, मळकी निघाली तरी त्यायचं. मंग मोजता कायले? हे बी सरले विचारलं. ते म्हणाले, बाई, आम्ही फक्त मोजतो.

अन् जसे राहता तसे, म्हणजे कसे? सडा टाकला तं तो रोजचा टाकला का मशीनसाठी, हे माझं मलेच समजत नाही. नाही टाकला तं तो बी मशीनसाठीच. देवराव भाऊजीले म्हटलं, आता तुम्ही अंगणातच चुरा. ते म्हणे, वहिनी, धान विकून झाला, आता काय रिकाम्या पाट्या चुरू?

तुम्ही शिकलेल्या आहात मॅडम, तुम्हाले समजत असन तं सांगा. हे बी लिहून घ्या.

मशीन उद्या येणार. कालपासून खराटा कोपऱ्यात उभा आहे, कोंबड्यायनं पायरीपर्यंत घाण केली, अन् तुम्हाले अशा अंगणातून घरात आणा लागलं, मनाले लावून घेऊ नका. सकाळपासून दोनदा खराट्यापर्यंत जाऊन वापस आली. लिहा, अंगण झाडून काढाचं राहिलं आहे.